कॉपी झाली म्हणून रडू नका, कागद तपासा : चक बेरीची गोष्ट



ट्रेनिंगच्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, मी मेहनत करून एक गोष्ट उभी करणार आणि शेजारचा महिन्याभरात तीच सुरू करणार. मग काय उपयोग?" मसाले विकणाऱ्या ताई असोत, ब्लाऊज डिझाइन करणारी मुलगी असो की मिसळीची गाडी लावणारा भाऊ असो, भीती एकच. कॉपीची.

या भीतीवर माझं मत स्पष्ट आहे आणि ते सांगायला आज मला एक गिटारवाला लागणार आहे. त्याचं नाव चक बेरी. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराचा. रॉक अँड रोल हे संगीत ज्या मोजक्या लोकांनी उभं केलं, त्यातला हा एक. 18 मार्च 2017 ला, वयाच्या 90 व्या वर्षी तो गेला. तो गेल्यावर मोठमोठे संगीतकार त्याच्याबद्दल काय बोलले, ते धंदा करणाऱ्या माणसाने नीट ऐकण्यासारखं आहे.

श्रद्धांजली कोणी वाहिली, ते बघा

ब्रूस स्प्रिंगस्टीन म्हणाला की निखळ रॉक अँड रोल गाणी लिहिणारा याच्यापेक्षा मोठा कोणी झालाच नाही. रोलिंग स्टोन्सचा मिक जॅगर म्हणाला की आमची कोवळी वर्षं याने उजळून टाकली आणि संगीतकार व्हायच्या आमच्या स्वप्नात जीव फुंकला. त्याच बँडचा कीथ रिचर्ड्स म्हणाला की माझा एक मोठा दिवा विझला. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने त्याला रॉक अँड रोलच्या सर्वांत मोठ्या कवींमध्ये बसवलं. बीच बॉईजच्या ब्रायन विल्सनने त्याला आपली मोठी प्रेरणा म्हटलं. 9 एप्रिलला सेंट लुईसमध्ये शेवटचा निरोप होता. शवपेटीच्या झाकणाला आतून त्याची लाल गिटार बसवलेली होती आणि स्टोन्सनी गिटारच्या आकारात गुंफलेली फुलं पाठवली होती.

आता हीच यादी दुकानदाराच्या नजरेने परत वाचा. काय दिसतं? यातले बहुतेक जण त्याची कॉपी करून मोठे झालेले!

रोलिंग स्टोन्सची 1963 मधली पहिली रेकॉर्ड 'कम ऑन' हे चक बेरीचंच गाणं होतं. त्याच्या दोन वर्षं आधी लंडनजवळच्या डार्टफर्ड स्टेशनवर जॅगर आणि रिचर्ड्सची गाठ पडली, तेव्हा जॅगरच्या काखेत ज्या रेकॉर्ड होत्या त्यात बेरीची होती. त्यावरून बोलणं सुरू झालं. बीटल्सनी त्याची गाणी रेकॉर्ड केली. 1986 मध्ये बेरीला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच यादीत मान मिळाला, तेव्हा त्याची ओळख करून द्यायला कीथ रिचर्ड्स उभा होता. त्याने भर स्टेजवर कबूल केलं की या माणसाने वाजवलेली प्रत्येक हरकत मी उचललेली आहे.

बीबीए करताना आम्हाला शिकवलं होतं, आणि आजही बरेच बिझनेस कोच सांगतात, की अशी गोष्ट करा जी कोणाला कॉपीच करता येणार नाही. मला हे पटत नाही. ज्याची कोणीच कॉपी करत नाही, त्याच्या मालाला बाजारात मागणी आहे का, हे आधी तपासा. कॉपी होणं हे बऱ्याचदा तुमचा माल चालतोय याचं सर्टिफिकेट असतं.

बेरीने तरी कुठून आणलं?

बेरी काही आभाळातून पडला नव्हता. वडिलांबरोबर सुतारकाम केलं, मोटारींच्या कारखान्यात राबला, झाडलोट केली. सेंट लुईसच्या पोरो कॉलेजात केशभूषेचा, म्हणजे आपल्या भाषेत पार्लरचा कोर्ससुद्धा केला. गिटार वाजवायची ती रात्री, चार पैसे जास्त मिळावेत म्हणून.

1952 च्या अखेरच्या रात्री पियानोवादक जॉनी जॉन्सनच्या बँडमध्ये एक जण आजारी पडला आणि त्याच्या जागी बेरी आला. ज्या क्लबमध्ये ते वाजवायचे तिथे येणारे बहुतेक कृष्णवर्णीय. बेरी त्यांच्यासमोर गोऱ्या खेडूतांची कंट्री ढंगाची गाणी वाजवू लागला. लोक आधी हसले, मग तीच गाणी मागू लागले. पुढे दोन्ही रंगांचे लोक ऐकायला येऊ लागले. म्हणून तो शब्द अगदी स्वच्छ उच्चारायचा. गाणी शाळेवर, मोटारींवर, पोरापोरींच्या नाचण्यावर लिहायचा. स्वतः तिशीला टेकलेला, लग्न झालेला बाप्या, पण लिहायचं सोळा वर्षांच्या गिऱ्हाइकासाठी! याला म्हणतात कस्टमर ओळखणं.

आणि ती 'जॉनी बी. गुड'ची जगप्रसिद्ध सुरुवात? लुई जॉर्डनच्या बँडमधल्या कार्ल होगन नावाच्या गिटारिस्टने 1946 च्या एका रेकॉर्डमध्ये जवळजवळ तसंच वाजवलं होतं. बेरीने ते लपवलं नाही. होगन, टी-बोन वॉकर यांच्याकडून आपण घेतलं असं तो स्वतः सांगायचा. उचललेल्या मालाला त्याने स्वतःचे शब्द, स्वतःचा वेग आणि स्वतःचं गिऱ्हाईक जोडलं. तुम्हीही आईची किंवा मावशीची मसाल्याची रेसिपी घेऊनच सुरुवात करता ना? मग दुसऱ्याने तुमच्याकडून काही घेतलं तर आकाश कोसळत नाही.

गाणं वेगळं, स्टाइल वेगळी

आता मुद्द्याचं. कॉपी दोन प्रकारची असते आणि आपण दोन्हींची गल्लत करतो.

बेरीची गिटार वाजवायची पद्धत, ती स्टाइल, कोणीही उचलावी. त्याचे त्याला पैसे मिळाले नाहीत आणि मिळणारही नव्हते. पण त्याची गाणी, म्हणजे शब्द आणि चाल, ही त्याची मालमत्ता होती. ती जो कोणी रेकॉर्ड करेल त्याच्या विक्रीतून गीतकार-संगीतकाराचा हिस्सा निघतो. अर्थात कागदावर तुमचं नाव असेल तर.

बीच बॉईजचं 'सर्फिन यूएसए' हे 1963 चं गाणं बघा. त्याची चाल बेरीच्या 'स्वीट लिटल सिक्स्टीन'ची होती. सुरुवातीला गीतकार म्हणून एकट्या ब्रायन विल्सनचं नाव होतं. बेरीचं गाणं कागदोपत्री नोंदवलेलं होतं, त्यामुळे हक्क त्याच्या प्रकाशकाकडे गेले आणि पुढे श्रेयातही त्याचं नाव लागलं. म्हणजे दुसऱ्याने गाडी चालवली, भाडं मूळ मालकाच्या बाजूला आलं.

तुमच्या धंद्यातही असंच बघा. दुकानाची मांडणी, मिसळीबरोबर ताक द्यायची पद्धत, इन्स्टाग्रामवर रील टाकायची तऱ्हा ही स्टाइल. ती जाणारच, त्यावर झोप उडवू नका. पण ब्रँडचं नाव, लोगो, पॅकिंगवरचं चित्र, तुम्ही स्वतः काढलेले फोटो, लिहिलेला कोर्स ही तुमची 'गाणी'. ती राखायची.

'मेबेलीन'चा कागद

हा भाग दोनदा वाचा.

मे 1955 मध्ये बेरी शिकागोला गेला. मोठा ब्लूज गायक मडी वॉटर्सने त्याला चेस रेकॉर्ड्सचा पत्ता सांगितला. तिथे त्याने 'मेबेलीन' रेकॉर्ड केलं आणि गाणं तुफान चाललं. बेरीसाठी ही पहिलीच ऑर्डर, म्हणून खूश. पण गाण्याच्या श्रेयात त्याच्या नावाशेजारी आणखी दोन नावं लागली होती. एक अ‍ॅलन फ्रीड, रेडिओवरचा त्या काळचा बडा डीजे. दुसरा रस फ्रॅटो, ज्याचा कंपनीशी व्यवहार होता. या दोघांनी गाण्यातला एक शब्दही लिहिला नव्हता. रेडिओवर गाणं वाजवून घ्यायचं तर फ्रीडचा हात हवा, म्हणून बेरीच्या कमाईतला वाटा परस्पर वाटला गेला. बेरीला हे कळलं ते गाणं बाहेर आल्यानंतर.

ते गाणं पूर्णपणे स्वतःच्या नावावर परत यायला 1986 उजाडलं. म्हणजे 31 वर्षं! 1977 मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेलेल्या सोनेरी रेकॉर्डवर त्याचं 'जॉनी बी. गुड' होतं. माणसाचा आवाज सूर्यमालेच्या बाहेर निघाला होता आणि पहिल्या गाण्याचा कागद अजून शिकागोत अडकलेला होता.

आपल्याकडे काय होतं? पहिली मोठी ऑर्डर, पहिला डिस्ट्रिब्युटर, पहिला इन्व्हेस्टर काका. आनंदात आपण सही करतो. "सर, आधी धंदा तर सुरू होऊ दे, कागद नंतर बघू." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. नंतर म्हणजे कधी? 31 वर्षांनी?

आधी पैसे, मग गाणं

'मेबेलीन'सारखे अनुभव घेतलेल्या बेरीने आपले नियम कडक केले. गावोगावी एकटाच जायचा, सोबत फक्त गिटार. बँड स्थानिक आयोजकाने द्यायचा. अ‍ॅम्प्लिफायर कोणता हवा ते करारात लिहिलेलं. आणि स्टेजवर चढायच्या आधी पैसे हातात, तेही रोख. तरुणपणी स्प्रिंगस्टीनच्या बँडने एकदा त्याला साथ दिली होती. तो सांगतो की कार्यक्रमाला जेमतेम काही मिनिटं उरली असताना बेरी आला. कोणती गाणी वाजवायची असं विचारल्यावर, चक बेरीची, एवढंच म्हणाला!

यातलं अ‍ॅडव्हान्स घेणं मला शंभर टक्के मान्य आहे. उधारीवर केटरिंगची ऑर्डर घेऊन वसुलीसाठी चकरा मारणाऱ्या प्रत्येकाने हे भिंतीवर लिहून ठेवावं. खर्च कमी ठेवायची युक्तीही हुशारीची. पण तालमीशिवाय कार्यक्रम केल्याचा परिणाम मालावर झाला. अनोळखी वादक, कधी जमलं, कधी विस्कटलं. त्याचे बरेच कार्यक्रम साधारण झाले. गिऱ्हाईक एकदाच तिकीट काढतं, त्याला तुमच्या जुन्या फसवणुकीशी काय घेणं?

आणि रोखीचा शेवट? 1979 च्या जूनमध्ये त्याने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांसमोर व्हाइट हाऊसमध्ये गायलं आणि त्याच वर्षी इन्कम टॅक्स चुकवल्याबद्दल चार महिन्यांचा तुरुंगवास झाला. रोख घ्या, जरूर घ्या, पण बिल फाडून.

एक गोष्ट इथेच सांगतो. बेरी माणूस म्हणून आदर्श नव्हता. एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात तो 1960 च्या दशकात तुरुंगात गेला होता. पुढे त्याच्याच रेस्टॉरंटच्या स्वच्छतागृहात छुपा कॅमेरा लावल्याचे आरोप महिलांनी केले आणि ते प्रकरण पैसे देऊन मिटलं. श्रद्धांजलीत हे कोणी बोलत नाही. आपण त्याच्या कामातून शिकतोय, त्याची पूजा करत नाही.

पियानोवाल्याचं काय?

आता मला सगळ्यात जास्त टोचणारा भाग. ज्याच्या बँडमध्ये बेरीला पहिली संधी मिळाली तो जॉनी जॉन्सन आठवतो ना? त्या गाजलेल्या गाण्यांत त्याचा पियानो आहे. रिचर्ड्सचं म्हणणं होतं की बेरीच्या गाण्यांचे सूर पियानोला सोयीचे आहेत, म्हणजे यात जॉन्सनचा हात मोठा असणार. 1986 मध्ये बेरीच्या साठीनिमित्त रिचर्ड्सने सेंट लुईसला कार्यक्रम जमवला, तेव्हा हा जॉन्सन बस चालवून पोट भरत होता.

2000 मध्ये जॉन्सनने कोर्टात दावा लावला की कित्येक गाणी आम्ही दोघांनी मिळून केली, मला श्रेय आणि पैसे मिळाले नाहीत. 2002 मध्ये कोर्टाने दावा फेटाळला, कारण फार वर्षं उलटून गेली होती. गाणी खरंच कोणी किती केली याचा निकाल लागलाच नाही. 2005 मध्ये जॉन्सन गेला.

माझं मत असं आहे की ज्याच्या कागदावर परक्यांची नावं घुसली होती, त्याला शेजारी बसलेल्या माणसाचा हिशोब लिहून ठेवणं जास्त कळायला हवं होतं. तुमच्या दुकानातही एक पियानोवाला असतो. पहाटे उठून मसाला भाजणारी वहिनी, पगार न घेता गल्ल्यावर बसणारा भाऊ, पहिल्या दिवसापासूनचा कारागीर. "घरचाच आहे, त्याचं काय लिहायचं?" असं म्हणून आपण पुढे जातो. घरचा आहे म्हणूनच लिहा. परक्याशी भांडण झालं तर धंदा मोडतो, घरच्याशी झालं तर घर मोडतं.

या आठवड्याचा होमवर्क

1. तुमच्या धंद्यातली 'गाणी' आणि 'स्टाइल' अशा दोन याद्या करा. स्टाइलची चिंता आजपासून बंद.

2. ब्रँडचं नाव ट्रेडमार्कसाठी टाका. 2017 च्या नियमांनुसार व्यक्ती आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी 4500 रुपये आहे. नोंदणी 10 वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण होतं. बोर्डाच्या लायटिंगला याहून जास्त खर्च करता तुम्ही!

3. ज्या कागदावर तुमची सही आहे, तो मोठ्याने वाचा. त्यात कोणा 'अ‍ॅलन फ्रीड'चं नाव आहे का, बघा. नाव असेल तर तो त्याबद्दल नक्की काय देतोय, हे लिहून घ्या. कधीकधी मार्केटिंगचा वाटा द्यावाही लागतो, पण तो आपल्याला माहीत असताना, ठरवून.

4. तुमच्या पियानोवाल्याबरोबर चहा प्या आणि त्याचा वाटा, पगार, काम हे एका पानावर लिहून दोघांनी सह्या करा.

सगळ्या मोठ्या लोकांनी चक बेरीला दिवा म्हटलं, कवी म्हटलं, गुरू म्हटलं. फार मोठी गोष्ट आहे ती. तुमच्या लाइनमधल्या चार लोकांनी उद्या म्हणावं की आम्ही यांच्याकडून शिकलो, असा धंदा नक्की करा. पण नाव लोकांच्या तोंडी राहतं आणि हक्क कागदावर राहतो. दोन्ही लागतात.

पुढच्या व्हिडिओत पार्टनरशिप डीड ओळ न् ओळ कसं वाचायचं ते बघू. तोपर्यंत तुमचा कागद शोधून ठेवा. कपाटात, गादीखाली, सीएकडे, कुठे आहे तो?