पेढे न वाटलेल्या घरातून

मैत्रिणींनो, पेशंट बरा होऊन घरी आला की दवाखान्यात पेढे नेण्याची आपली रीतच आहे. पण पेशंट बरा झाला नाही तर? मग आपण त्या दारात पुन्हा पाऊल टाकीत नाही. आणि रात्र-रात्र जागलेल्या सिस्टर नि मावश्या आभाराच्या दोन शब्दांवाचून राहतात.

माझ्या सासूबाईंना केमोथेरपीसाठी दर तीन आठवड्यांनी राजापेठेहून नागपूरला न्यावं लागे. हे सलाईन म्हणजे साधं इंजेक्शन नव्हे बरं का! यातली काही औषधं शिरेबाहेर झिरपली तर तिथली कातडी, मांस जळतं. म्हणून सिस्टर घडीघडी येऊन हात पाहायच्या, "आजी, आग होते का?" असं विचारायच्या. एखादीला ती कटकट वाटेल, पण ती राखण असते.

उलटी झाली की मावशी हातमोजे चढवून हजर. औषधाचा अंश साधारण ४८ तास उलटी-लघवीतून बाहेर पडतो, त्यामुळे ते काम जोखमीचंही असतं. सासूबाई ओशाळल्या की ती म्हणे, "काहून लाजता आजी? मी लेकच समजा ना तुमची!"

आपला जिल्हा गाडगेबाबांचा. १८७६ मध्ये शेंडगावला जन्मलेल्या या माणसानं आयुष्यभर हातात खराटा धरला. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा हॉस्पिटलचे गावोगावचे रोगी आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. बाबांच्या खराट्याला आपण हात जोडतो, मग वॉर्ड झाडणाऱ्या मावशीचं नाव तरी विचारायला नको का?

आभार मानायचे तर काय करावं?

पहिलं, त्यांचं ऐकावं. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून भेटायला येणाऱ्यांची गर्दी टाळा. ताप १००.४ च्या वर गेला तर काढा देत सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. पहिले दोन दिवस घरी साफसफाई करताना तुम्हीही हातमोजे घाला.

दुसरं, हातात नोटा कोंबू नका. खाऊ न्यायचा तर सगळ्या पाळ्यांना पुरेल एवढा न्या.

तिसरं, मेट्रनबाईंना पत्र लिहा, नावानिशी. तक्रारीसाठी आपण लगेच कागद काढतो, कौतुकासाठी मात्र कोणी लिहीत नाही.

सासूबाई गेल्या. तेरवी आटोपल्यावर ह्यांनी आणि मी बसून पत्र लिहिलं. त्यात तिन्ही सिस्टरांची आणि मावशीची नावं घातली. आजार हटला नाही, पण आमच्या आईला शेवटपर्यंत कोणी हिडीसफिडीस केलं नाही, एवढंच लिहिलं.

तुमच्याही घरी असं एखादं पत्र लिहायचं राहिलं असेल. दोन वर्षं उलटून गेली असली, तरी लिहाच.