मुलाला फाटकापर्यंत सोडा आणि मागे फिरा

जळगाव-धुळे जिल्ह्यांतल्या आई-वडिलांनो, काका-मामांनो, मोठ्या भावांनो,

दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा तोंडावर आल्या आहेत. मुलांना सांगायचे ते शाळेत सांगून झाले. हे आवाहन तुम्हा मोठ्यांना आहे. पेपरच्या दिवशी शाळेच्या मागच्या भिंतीकडे जाऊ नका. खिडकीखाली उभे राहू नका आणि दुसऱ्या कोणाला उभे राहू देऊ नका.

वर्गात बसलेल्या सोळा वर्षांच्या पोराच्या हाती उत्तराची चिठ्ठी पोचायला किती हात लागतात, हे गावाला ठाऊक आहे. कोणी प्रश्नपत्रिकेचा फोटो बाहेर पाठवतो, कोणी गाईडची पाने फाडतो, कोणी मायक्रो झेरॉक्स काढून देतो, कोणी कंपाउंडवर चढतो, आणि भरारी पथकाची गाडी निघाल्याची वर्दी कोणीतरी फोनवरून देतो. हे सगळे मोठे लोक. पथक आत आले की सापडते मात्र मूल. त्याची संपादणूक रद्द होते, पुढच्या परीक्षेलाही बंदी येऊ शकते, आणि चिठ्ठी फेकणारा तोवर बसस्टँडवर चहा पीत असतो.

शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात, 3 मार्च 2023 रोजी बारावीच्या गणिताच्या पेपरची पाने परीक्षा सुरू होण्याआधीच मोबाइलवर फिरली. अटक झालेल्यांत शिक्षकही होते. पेपर आधी हाती पडतो म्हणून त्याच वर्षी बोर्डाने सुरुवातीची वाचनाची दहा मिनिटे बंद केली आणि ती शेवटी वाढवून दिली. प्रामाणिक मुलांना शांतपणे प्रश्न वाचायला मिळणारा तो वेळ आपण मोठ्यांनी घालवला.

मुले कॉपीकडे का वळतात, हे न बोलता नुसते दरडावून चालणार नाही. साक्री, पारोळा, चाळीसगाव भागातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. कापूस वेचणीच्या दिवसांत नववी-दहावीची मुले शेतात असतात. चोपडा, यावल, शिरपूरच्या सातपुड्याच्या पायथ्याची पावरा आणि तडवी मुले घरी एक भाषा बोलतात, पुस्तकात दुसरी वाचतात, आणि इंग्रजीच्या पेपराला तिसरीत लिहितात. आठवीपर्यंत वर्षानुवर्षे कोणी नापास झाले नाही, म्हणून भागाकार येत नाही हे नववीत उघडे पडते. मग कच्च्या मुलाला शिकवण्याऐवजी बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचा, म्हणजे शाळेचा निकाल चांगला दिसतो. निकाल पडला तर पट घटतो, पट घटला की शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेत शिक्षक अतिरिक्त ठरतो. नोकरीच्या या भीतीपोटी पर्यवेक्षक नजर दुसरीकडे वळवतो. त्याची अडचण खरी आहे, पण तिची किंमत मुलांनी मोजायची हे मला मान्य नाही.

आणि मुले ती किंमत मोजतातच. लातूर, नाशिक, कोट्याला क्लास लावायचा आणि प्रवेश मात्र 'सोपे' केंद्र असलेल्या खेड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात घ्यायचा, हा आता उघड व्यवहार झाला आहे. सीईटी संगणकावर होते, नीटला दारात झडती होते. तिथे कोणाचा मामा भिंतीवर चढत नाही. बारावीला भरघोस गुण घेतलेला मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या सत्रात गणितात अडकतो, पोलीस भरतीच्या लेखीत मागे पडतो. तोवर बापाने शेत गहाण टाकून फी भरलेली असते. ज्या मुलीने घरची धुणीभांडी करून, रात्री जागून खरे 68 टक्के मिळवले, तिच्यापुढे अकरावीच्या यादीत फुकटचे 85 टक्के उभे राहतात. या मुलीबद्दल गावात कोणी बोलत नाही. तिच्यासाठी तरी भिंतीपासून दूर व्हा.

नांदेडला 2010 च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपी बंद करायचे ठरवले. निकाल धाडकन खाली आला, टीका झाली, पण जिल्ह्याला आपली खरी अवस्था कळली. पुढे कॉपीमुक्तीची मोहीम राज्यभर गेली. आपल्याकडेही पहिल्या वर्षी निकाल पडेल. पडू द्या. नापास होणे म्हणजे वर्ष बुडणे, असे आता राहिलेले नाही: पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते, आणि दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. हे घरात मुलाला आजच सांगा. त्याची निम्मी भीती तिथेच जाईल.

झेरॉक्सवाल्या भावांनो, केंद्राजवळची दुकाने पेपरच्या वेळेत बंद ठेवण्याचे आदेश निघतात. ते पाळा, आणि मायक्रो झेरॉक्स तर आदल्या रात्रीही काढून देऊ नका. संस्थाचालकांनो, कडक पर्यवेक्षण करणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी उभे राहा. त्याच्या गाडीची हवा सोडली जाते, त्याला रस्त्यात अडवले जाते, तेव्हा तो एकटा असतो. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध राज्यात 1982 पासून कायदा आहे, त्यामुळे बाहेरून कॉपी पुरवणाऱ्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो, हे तरुण मंडळांनी लक्षात ठेवावे.

सरपंच आणि पोलीस पाटलांनो, पहिल्या पेपरच्या आधी गावात बैठक घ्या. केंद्राच्या भिंतीबाहेर गावातलीच चार वजनदार माणसे पेपर संपेपर्यंत बसतील, असे ठरवा आणि त्यांची नावे केंद्रसंचालकांना लेखी कळवा. तोवर जे दिवस हातात आहेत, त्यांत गणित-इंग्रजी येणाऱ्या कॉलेजच्या मुला-मुलींनी संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या खोलीत दहावीच्या मुलांना घेऊन बसावे. खोलीची किल्ली आजच मागून घ्या.