बॉनेटपलीकडचं मूल

इथे अमेरिकेत 'ट्रक' म्हणजे मालाची गाडी नव्हे. कोपऱ्यावरून दूध आणायलाही लोक जी काढतात ती अगडबंब पिकअप! काहींचं बॉनेट माझ्या छातीपर्यंत येतं. त्याच्यापुढे चार वर्षांचं पोर आलं, तर चालवणाऱ्याला दिसणार कसं?

बुटक्या गाडीची धडक पायांना बसते, माणूस बॉनेटवर पडतो. उंच, सपाट तोंडाची गाडी छातीवर आदळते आणि माणसाला चाकांकडे लोटते. लहान मुलाच्या तर डोक्यावरच. इथल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ साली मांडलेला हिशोब असा: ४० इंचांहून उंच बॉनेटच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त.

मागे घेताना मुलं चिरडली जात होती, म्हणून २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. मग पुढचं काय?

"मोठ्या गाडीत आपली पोरं सुरक्षित," असं मित्र म्हणतात. आतली असतीलही हो. पण शाळेतून चालत येणारी? बॉनेटच्या उंचीला कायद्याने मर्यादा हवीच, असं मला वाटतं. तुम्हाला?