डब्यातली ढोबळी मिरची



मधल्या सुट्टीत मी वर्गांवरून एक फेरी मारतो. तुमचे डबे पाहावेत असा माझा हेतू नसतो, पण डबे दिसतातच. एकाच्या डब्यात चपाती आणि बटाटा, दुसऱ्याच्या डब्यात चपाती आणि रात्रीचे सालन, तिसऱ्याजवळ डबाच नाही, नुसता बिस्किटांचा पुडा. काहींच्या डब्यात भाजी असते. ती सुट्टी संपल्यावर नळाजवळच्या कचऱ्याच्या टोपलीत सापडते. परवा त्या टोपलीत ढोबळी मिरचीची भाजी होती. हिरव्या फोडी आणि त्यांवर पिवळे बेसन. तुमच्यापैकी कोणाची तरी अम्मी किंवा बहीण त्या भाजीसाठी सकाळी लवकर उठली असेल. मला फार वाईट वाटले. म्हणून आज मी त्या भाजीची बाजू घेऊन तुमच्याशी बोलणार आहे.

आपण घरी हिला शिमला मिर्च म्हणतो. मराठीत सिमला मिरची म्हणतातच, पण ढोबळी मिरची आणि भोपळी मिरची अशीही तिची नावे आहेत. ढोबळी म्हणजे जाडजूड आणि भोपळी म्हणजे भोपळ्यासारखी. भाजीवाल्यापुढे कोणतेही नाव घ्या, तो तीच टोपली पुढे करील. शिमला हे शहर हिमाचल प्रदेशात आहे, पण ही मिरची मूळची तिथली नाही. सगळ्याच मिरच्या मूळच्या अमेरिका खंडातल्या. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर मिरची आपल्या देशात आली. त्याआधी आपल्याकडे तिखट चवीसाठी काळी मिरी वापरत. म्हणजे ठेच्यातली मिरची आपली आणि ढोबळी मिरची हॉटेलातली, हा भेद खरा नाही. दोघींचे मूळ एकच. तिखटपणा आणणारा कॅप्सायसिन नावाचा पदार्थ ढोबळी मिरचीत जवळजवळ नसतो. म्हणून तर ती भाजी म्हणून पोटभर खाता येते.

बाजारात लाल आणि पिवळी ढोबळी मिरचीही दिसते. हिरवी मिरची म्हणजे बहुतेक वेळा कच्ची मिरची. ती झाडावरच राहू दिली तर जातीप्रमाणे लाल किंवा पिवळी होते. पिकायला जास्त दिवस लागतात आणि शेतकरी ती बहुधा हरितगृहात वाढवतो, म्हणून ती महाग पडते. ती रोज आणा, असे मी सांगणार नाही. मीही आणत नाही. पण हिरवी मिरची, केशरी गाजर, लाल टोमॅटो आणि हळद एवढ्यावरही ताट रंगीत होते. रंगीत जेवण म्हणजे पाहुण्यांचे जेवण, ही आपली समजूत मला पटत नाही. शादीच्या जेवणातील जर्द्यात आपण बाटलीतला रंग ओततो आणि घरच्या रोजच्या ताटात मात्र सगळे तपकिरी! ज्या रंगाला चव आहे आणि गुणही आहे, तो रंग रोज का नको?

ज्याने भाजी टाकली, त्याला एक खरी हकिकत सांगतो. हंगेरी देशात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी नावाचे शास्त्रज्ञ होते. ते ‘क’ जीवनसत्त्वाचा अभ्यास करीत. हे जीवनसत्त्व मिळाले नाही तर हिरड्यांतून रक्त येते, जखमा लवकर भरत नाहीत. अभ्यासासाठी ते पुरेसे हाती लागत नव्हते. एका रात्री त्यांच्या पत्नीने जेवणात ताजी लाल मिरची वाढली. ती आपल्या ढोबळी मिरचीची बहीणच म्हणा ना! साहेबांना ती खायची नव्हती. काय सबब सांगावी? तेवढ्यात त्यांना आठवले, या फळाची आपण कधी तपासणी केलीच नाही. ती मिरची घेऊन ते प्रयोगशाळेत गेले आणि मध्यरात्रीपर्यंत त्यांना कळले, की ती ‘क’ जीवनसत्त्वाने भरलेली आहे. पुढे त्यांनी मिरचीपासून हे जीवनसत्त्व किलोच्या हिशेबात काढले. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा भाजी नको म्हणण्याला माझी हरकत नाही, पण नको म्हणताना निदान एवढे तरी करावे!

आपल्या हिरव्या मिरचीचाच हिशेब पाहा. १०० ग्रॅम संत्र्यात सुमारे ५० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते, तर तेवढ्याच कच्च्या हिरव्या ढोबळी मिरचीत सुमारे ८० मिलिग्रॅम. लाल मिरचीत त्याहूनही जास्त. डाळीतले आणि पालेभाजीतले लोह शरीरात शोषले जाण्यासही हे जीवनसत्त्व मदत करते.

परंतु ही मिरची बिघडवणेही फार सोपे आहे. मी बी. एड. करीत असताना भाड्याच्या खोलीत राहत होतो. खानावळ परवडेना, म्हणून गॅसची लहान शेगडी घेतली. पहिल्याच दिवशी ढोबळी मिरचीत तांब्याभर पाणी ओतून ती अर्धा तास शिजवली. मिरची मळकट झाली आणि तिचा लगदा उरला. शेजारच्या काकू पातेल्यात डोकावून म्हणाल्या, “अरे, हिला पाणी कशाला? हिचे पाणी हिलाच पुरते.” मग त्यांनी मला पीठ पेरून भाजी करायला शिकवली.

चार मिरच्या धुऊन, बिया काढून चिरायच्या. अर्धी वाटी बेसन कोरडेच मंद आचेवर खमंग भाजून बाजूला ठेवायचे. तीन-चार चमचे तेल तापवून मोहरी, जिरे, हिंग आणि हळदीची फोडणी करायची. त्यात मिरची टाकून चार-पाच मिनिटे परतायची. मीठ आणि तिखट घालायचे. मग बेसन वरून भुरभुरवायचे, हलक्या हाताने ढवळायचे आणि दोन-तीन मिनिटे झाकण ठेवायचे. फोडी दाताखाली थोड्या करकरीत लागल्या पाहिजेत. फार वेळ शिजवल्याने रंगही जातो आणि जीवनसत्त्वही. काकू चिमूटभर साखर घालत. मी घालत नाही, एवढे स्वातंत्र्य मी घेतले आहे.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, “सर, आम्हांला गोश्त आवडते.” आवडू द्या. कीमा शिजत आला, की शेवटी ढोबळी मिरचीचे तुकडे टाका. कीमा तेवढाच राहतो, पण दोन माणसे जास्त जेवतात. अंड्याच्या भुर्जीत टाका. कच्चीच बारीक चिरून दह्यात घाला. त्याला चूलही लागत नाही.

आणि हे मी फक्त मुलींना सांगत नाही. त्यांच्यापैकी कित्येक जणी सकाळी भावाचा डबा भरून मग स्वतःचे दप्तर भरतात, हे मला ठाऊक आहे. मी मुलांना विचारतो, मिरचीच्या बिया काढायला कितीसे बळ लागते? आपण स्वतः चिरलेली भाजी टोपलीत टाकताना हात आपोआप थांबतो. खोलीवर तो लगदादेखील मी मुकाट्याने संपवला होता.

परवाचा डबा कोणाचा होता, हे मी विचारणार नाही. मात्र पुन्हा भाजी नको झाली, तर नळाकडे जाऊ नको. शिक्षकांच्या खोलीत ये. माझ्याजवळ चपात्या असतातच.