मधमाशी कोणत्या गावची?

"मधमाशी ती मधमाशी, कोठली का असेना!" असे आपण सहज म्हणतो. हे बरोबर नाही. काश्मीरमधील सातेरी माशी दक्षिण भारतातील सातेरीपेक्षा आकाराने मोठी असते. जात एकच, पण जेथे ज्या माश्या तगल्या, तेथे त्यांचेच गुण पुढच्या पिढ्यांत उतरले. हीच निसर्गनिवड.

युरोपात २००९ ते २०१२ या काळात ११ देशांत ६०० हून अधिक वसाहतींवर एक प्रयोग झाला. प्रत्येक ठिकाणी स्थानिक व बाहेरून आणलेल्या राण्यांच्या वसाहती शेजारी ठेवल्या. व्हरोआ या परोपजीवीवर औषध मात्र दिले नाही. स्थानिक वसाहती सरासरी ८३ दिवस अधिक जगल्या.

म्हणून केवळ जास्त मधाच्या आशेने दूरच्या राण्या आणणे मला धोक्याचे वाटते. राणीचे मीलन पेटीबाहेर, उडताना होते. त्यामुळे बाहेरच्या वाणाचे नर आसपासच्या त्याच जातीच्या राण्यांशी मिसळतात आणि अनेक पिढ्यांनी कमावलेले गुण विरळ होतात.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या परिसरात सातेरीचे पोळे कोठे आहे, ती कोणत्या फुलांवर जाते, याची नोंद ठेवा. जे ठाऊकच नाही, ते जपणार कसे?