सीडीवर नाव कुणाचं?

जॅझ म्हटलं की आपल्यातले बरेचजण म्हणतील, ‘आपला काय संबंध?’ मी अहमदपूरचा, वरातीतला बँड ऐकत वाढलेला. मलाही तसंच वाटायचं. मग हॉस्टेलवर नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) हाती आलं. मुंबईच्या जॅझचा इतिहास, आणि सोबत जुन्या वादकांच्या रेकॉर्डिंगची सीडी!

पुस्तकात चिक चॉकलेट भेटला. खरं नाव अँटोनिओ झेवियर वाझ, मूळचा गोव्याचा, ट्रंपेटवादक. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) तो आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो. आमच्या घरात ‘अलबेला’ची गाणी सगळ्यांना पाठ. पण ट्रंपेटवाल्याचं नाव? कुणालाच माहीत नाही!

माझं म्हणणं एवढंच आहे. गायक लक्षात राहतो, वादक विसरला जातो. मुंबईच्या वादकांची निदान सीडी तरी निघाली. आपल्या गावच्या वादकांचं काय?

आमच्या गल्लीतले एक काका वरातीत ट्रंपेट वाजवायचे. डीजे आला, बँड बसला. मागच्या दिवाळीत मी मोबाईल घेऊन त्यांच्याकडे गेलो. म्हणाले, “आता दम पुरंना बाबा. लई उशीर केलास.”

मित्रांनो, आपण स्वतःला इंजिनिअर म्हणवतो. रेकॉर्डर प्रत्येकाच्या खिशात आहे. येत्या सुट्टीत आपापल्या गावचा एक तरी वादक रेकॉर्ड करा. आणि हो, फाईलला त्याचं पूर्ण नाव द्यायला विसरू नका.