तहरीर चौक आणि तांबडा समुद्र

२०११ च्या जानेवारीअखेर कैरोच्या तहरीर चौकात प्रचंड जमाव होस्नी मुबारक यांची तीस वर्षांची राजवट उलथून टाकण्यासाठी ठाण मांडून बसला होता. त्याच दिवसांत, तेथून रस्त्याने सुमारे पाचशे किलोमीटरवर असलेल्या शर्म अल-शेख येथे, युरोपातून आलेले पर्यटक पाठीवर हवेच्या टाक्या बांधून तांबड्या समुद्रातील प्रवाळ पाहत होते. ११ फेब्रुवारीला सत्ता सोडावी लागल्यावर मुबारक विसाव्याला गेले तेही शर्म अल-शेखलाच. ज्या देशाचे सरकार कोसळत होते त्या देशाचा हा कोपरा इतका निवांत होता, की खुद्द पदच्युत अध्यक्षालाही तोच सुरक्षित वाटला.

बुडी मारण्याच्या हौसेचा आणि राजकीय अशांततेचा संबंध आता केवळ युरोपीय पर्यटकांपुरता राहिलेला नाही. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात पहिली बुडी मारणारा तरुण पुढे अंदमानला, आणि चार पैसे साठले की मालदीवला किंवा थायलंडला जातो. २०२१ ते २०२३ या तिन्ही वर्षांत मालदीवला सर्वांत अधिक पर्यटक भारतातून गेले. वर्षभर पगारातून शिल्लक टाकून तिकिटे काढावीत आणि निघण्याच्या पंधरवड्याआधी तिकडे आणीबाणी पुकारली जावी, हा प्रसंग त्यामुळे अनेक घरांत येऊ शकतो. जावे की न जावे?

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे मिळतात. सहल कंपनीचा माणूस सांगतो, गडबड राजधानीत आहे, आपल्या किनाऱ्यावर सारे आलबेल आहे. सरकारी सूचना म्हणते, अत्यावश्यक नसल्यास प्रवास टाळावा. दोघेही खोटे बोलतात असे नाही. परंतु उत्तर चुकले तर किंमत कोण मोजणार, हे पाहिले म्हणजे दोन्ही सल्ल्यांचे वजन कळते. सहल रद्द झाली तर कंपनीचे दलाली-उत्पन्न बुडते. प्रवासी विमानतळावर अडकून पडला तर तिचे फारसे काही जात नाही. उलट, प्रवाशाला काही झाले तर सरकारला संसदेत जाब द्यावा लागतो. तो उगाचच घरी बसला तर सरकारचा एक पैसाही खर्ची पडत नाही. म्हणून एक सल्ला धिटाईकडे झुकतो आणि दुसरा भित्रेपणाकडे. तिसरा सल्लागार प्रवाशाच्या स्वतःच्याच मनात बसलेला असतो आणि तो सर्वांत अविश्वसनीय होय. आगाऊ भरलेले पैसे परत मिळणार नाहीत म्हटल्यावर त्याला सगळीकडे शांततेची चिन्हे दिसू लागतात. जो खर्च काही केले तरी परत येणार नाही तो पुढच्या निर्णयात मोजावयाचा नसतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकविले जाते. पण परीक्षेनंतर ते कोणी पाळल्याचे फारसे दिसत नाही.

वर्तमानपत्रातील मथळ्यांवरून धोका मोजणे हेही तितकेच फसवे आहे. २०११ चा उद्रेक अध्यक्ष आणि पोलीस यांच्याविरुद्ध होता. परदेशी पाहुण्यांशी आंदोलकांचे वैर नव्हते. याच्या उलट, २३ जुलै २००५ रोजी शर्म अल-शेखमध्ये बॉम्बस्फोट होऊन साठांहून अधिक माणसे मेली, तेव्हा मुबारक यांची पकड घट्ट होती आणि चौक रिकामे होते. तो घाव पर्यटन व्यवसायावरच घातलेला होता. ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी शर्म अल-शेखहून सेंट पीटर्सबर्गला निघालेले रशियन विमान सिनाईच्या वाळवंटात कोसळले आणि २२४ जणांपैकी एकही वाचला नाही. तेव्हाही कैरोत क्रांती चालू नव्हती. मलेशियाच्या सिपादान बेटाची गोष्ट याहून बोलकी आहे. २३ एप्रिल २००० रोजी तेथील पाणबुड्यांच्या विश्रामस्थानावर शस्त्रधारी टोळी होड्यांतून उतरली आणि दहा परदेशी पर्यटकांसह एकवीस जणांना पळवून घेऊन गेली. टोळी फिलिपाईन्समधील अबू सय्याफची होती. मलेशियात शांतता होती; बंडाळी शेजारच्या देशात होती, आणि मध्ये केवळ समुद्र होता. तेव्हा देशात गडबड आहे काय, एवढे विचारून भागत नाही. गडबड कोणाविरुद्ध आहे आणि ती करणाऱ्यांना परदेशी पाहुणा हवा आहे, नको आहे की त्याच्याशी कर्तव्यच नाही, हे पाहावे लागते.

पाहुण्याशी कर्तव्य नसलेले आंदोलनही त्याला अडचणीत आणू शकते. नोव्हेंबर २००८ मध्ये बँकॉकच्या दोन्ही विमानतळांवर सरकारविरोधी निदर्शकांनी कब्जा केला आणि सुमारे आठवडाभर लाखो प्रवासी अडकून पडले. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर फुकेत आणि क्राबी येथील विमानतळही काही काळ बंद पाडण्यात आले होते, म्हणजे गडबड थेट पाणबुड्यांच्या किनाऱ्यावर येऊन ठेपली होती. कोणालाही ओरखडा उठवायचा नव्हता. सरकारची कोंडी करायची होती आणि विमानतळ ही त्यासाठी सोयीची जागा होती. इजिप्तमध्ये २०११ साली काही दिवस इंटरनेट तोडले गेले आणि बँका आठवडाभर बंद राहिल्या. जेथे गोळी पोहोचत नाही तेथेही रोकड संपते आणि घरी निरोप धाडता येत नाही.

अडकण्याचा हा धोका साध्या प्रवाशापेक्षा पाणबुड्याला अधिक आहे, आणि त्याचे कारण राजकारणात नसून शरीरधर्मात आहे. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना रक्तात आणि स्नायूंत नायट्रोजन विरघळत जातो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता बाहेर पडण्याआधीच विमान चढले आणि हवेचा दाब कमी झाला, तर त्याचे बुडबुडे होऊन सांधे, मज्जारज्जू, प्रसंगी मेंदू यांना इजा होते. म्हणून एका बुडीनंतर निदान बारा तास आणि सलग काही दिवस बुड्या मारल्या असतील तर निदान अठरा तास विमानात बसू नये, असा दंडक आहे. सावध प्रशिक्षक चोवीस तास सांगतात. आता कल्पना करावी, की दुपारी तिसरी बुडी मारून माणूस बोटीवर आला आणि विमानतळ मध्यरात्री बंद होणार, शेवटचे विमान रात्री आठला आहे, अशी वार्ता आली. बाकीचे पर्यटक पिशव्या भरून निघतील. त्याला मात्र राहावे लागेल, नाहीतर अपंगत्वाचा धोका पत्करावा लागेल. शिवाय बुडीत काही बिघडलेच, तर त्यावर उपाय म्हणजे दाबाच्या बंद कक्षात ठेवून उपचार. तो कक्ष प्रत्येक बेटावर नसतो. तेथवर नेणारी बोट किंवा विमान संचारबंदीत सुटेल काय, ही विचारणा बुकिंगच्या वेळी क्वचितच कोणी करतो.

या दृष्टीने मालदीवचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ५ फेब्रुवारी २०१८ रोजी तेथे आणीबाणी जाहीर झाली. सरन्यायाधीश आणि माजी अध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांना अटक झाली. भारताने आपल्या नागरिकांना माले आणि इतर बेटसमूह येथील अनावश्यक प्रवास पुढे ढकलण्यास सांगितले. मालेतील राजकारणासाठी तो काळ खरोखर काळा होता. पण मालदीवमध्ये पर्यटकांची निवासस्थाने एकेका स्वतंत्र बेटावर आहेत आणि विमानतळही मालेत नसून शेजारच्या हुलहुले बेटावर आहे. उतरलेला पाहुणा राजधानीचा एकही रस्ता न तुडवता बोटीने परस्पर आपल्या बेटावर जातो. मार्चमध्ये आणीबाणी उठेपर्यंत ही बेटे चालूच होती. मालदीवला लागू पडणारे हे गणित कैरोमार्गे जाणाऱ्याला लागू पडणार नाही. प्रवासाची साखळी जेथे राजधानीतून जाते तेथे राजधानीतली गडबड ही आपली गडबड असते.

विम्याबाबत तर गैरसमजच अधिक. बहुतेक प्रवास-विमे युद्ध व यादवी वगळतात; अशांतता जाहीर झाल्यावर काढलेला विमा त्या अशांततेपुरता सहसा उपयोगी पडत नाही; आणि स्कुबासाठी पुष्कळदा वेगळे कलम लागते, त्यातही खोलीची मर्यादा असते. बारीक अक्षरांतला हा मजकूर तिकीट काढण्याआधी वाचण्याचा असतो.

राजकारणाची चौकशी करताना बोटीची चौकशी मागे पडते, हेही विसरता येत नाही. जून २०२३ मध्ये इजिप्तच्या किनाऱ्यालगत पाणबुड्यांच्या एका मुक्कामी बोटीला आग लागून तीन ब्रिटिश पर्यटक मरण पावले. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसरी बोट बुडून अकरा जण दगावले वा बेपत्ता झाले. दोन्ही वेळी तहरीर चौक शांत होता. इजिप्तला २०१० साली सुमारे १ कोटी ४७ लाख पर्यटक आले. पुढच्याच वर्षी ते सुमारे ९८ लाखांवर घसरले, आणि २०१५ च्या विमान अपघातानंतर आणखी खाली गेले. अशा मंदीत मालकाची कात्री देखभालीच्या खर्चावर आधी चालते अशी शंका घेण्यास जागा आहे. अशांततेनंतरच्या स्वस्ताईत बुकिंग करणाऱ्याने बोटीवर आग विझविण्याची साधने, रात्रीचा पहारेकरी आणि बाहेर पडण्याची दुसरी वाट आहे काय, हे निश्चित विचारावे.

आणि सूचना काढणाऱ्या सरकारांनीही थोडे कष्ट घ्यावेत. २०११ साली ब्रिटनने इजिप्तच्या प्रवासाविरुद्ध इशारा देताना तांबड्या समुद्रावरील विश्रामस्थळे त्यातून वगळली होती; नकाशा पाहून सूचना लिहिता येते याचा हा पुरावा आहे. विमान पडल्यानंतर त्याच ब्रिटनने शर्म अल-शेखची विमाने थांबविली, आणि ही बंदी उठायला २०१९ चा ऑक्टोबर उजाडला. तेथे प्रश्न बंडाचा नव्हता, विमानतळावरील सामानाच्या तपासणीचा होता, आणि ज्या बोटवाल्यांचा, आचाऱ्यांचा, प्रशिक्षकांचा त्यात काडीचाही दोष नव्हता त्यांना चार वर्षे त्याचा भुर्दंड पडला. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचनाही देशाच्या नावाऐवजी विमानतळ, शहर आणि बेटसमूह यांची नावे घेऊन, तारखेसह निघाली पाहिजे आणि दर आठवड्याला तपासली गेली पाहिजे. सहल कंपन्यांवरही ती सूचना व पैसे परत देण्याच्या अटी आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी ग्राहकाच्या हाती लेखी देण्याचे बंधन घालता येईल; ग्राहक संरक्षण कायदा असलेल्या देशात ते अवघड नाही.